रिमवरची बारीक रेघ

हेमराज सहारे माणसाकडे आधी पाहत नाही, त्याच्या चाकाकडे पाहतो. कुरखेड्याच्या बसस्टँडमागे त्याचं सायकल दुरुस्तीचं टिनाचं दुकान आहे. मी पहिल्यांदा तिथे गेले आणि नमस्कार म्हणाले, तर तो माझ्या सायकलच्या मागच्या चाकाकडे बघत म्हणाला, "आऊट हाय." मला वाटलं, मलाच बाहेर जायला सांगतोय. मी आरमोरीहून बदलून आलेली विज्ञानाची बाई, तोंडाने फटकळ. "आऊट कसली? आत्ताच तर आत आले," म्हणून मी त्याला सुनावलं. मग कळलं की चाक फिरताना डावी-उजवीकडे लचकत असेल तर ते 'आऊट', आणि तारा कसून किंवा सैल करून ते सरळ करणं म्हणजे 'आऊट काढणं'. त्या दिवशी त्याने वीस मिनिटांत माझ्या चाकाचा आऊट काढला आणि तेवढ्या वेळात माझ्याशी एकूण चार शब्द बोलला.

त्याचं वय छप्पन्न. शाळा आठवीत सुटली. नापास झाला म्हणून नव्हे, तर वडशाच्या एका दुकानात त्याने चाक बांधताना पाहिलं म्हणून. तिथला मिस्त्री नुसता हब म्हणजे चाकाचा मधला तुंबा, छत्तीस सुट्या तारा आणि रिकामी रिम घेऊन बसला, आणि दुपारच्या जेवणाआधी चाक उभं. दुसऱ्या दिवसापासून हेमराज शाळेऐवजी तिकडेच जायला लागला, आणि चार वर्षं घरी पत्ता लागू दिला नाही, असं तो सांगतो. चार वर्षं काही मला पटत नाहीत. पण त्याची बायको आशाबाई म्हणते, "खरं हाय बाई, यायच्या बाबाले शाळा कुठी हाय तेच मालूम नोतं."

आशाबाईची तक्रार वेगळीच आहे. हा माणूस जेवायला बसला की ताट हातात घेऊन त्याची कड बोटाने चाचपतो, डब्याचं झाकण फिरवून बघतो, विहिरीवर गेला की पाणी राहिलं बाजूला, रहाटाचं चाक निरखत उभा राहतो. जे जे गोल आहे ते असंच का केलं असेल, हा त्याचा रोग आहे. आणि हा रोग मला फार आवडतो. आमच्या शाळेत सहाशे मुलं आहेत, पण 'असंच का' विचारणारी दोन हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी.

त्यांतली एक रंजीता नरोटे. माझ्या अकरावीच्या वर्गातली, कुरखेड्यापासून अकरा किलोमीटरवरच्या जंगलातल्या गावची. वडील मंगरू वनखात्याच्या कूपात, म्हणजे झाडतोडीच्या पट्ट्यात, मजुरी करतात, पावसाळ्यात धान लावतात. शाळेत मिळालेल्या जड सायकलवरून ही पोरगी रोज बावीस किलोमीटर जाऊन येऊन करायची आणि कधीकधी एस.टी.च्या आधी पोचायची. जिल्ह्याच्या शर्यतीत तिने त्याच सायकलवर सगळ्यांना मागे टाकलं, तेव्हा गडचिरोलीचे प्रशिक्षक सुरज सर जागे झाले. नागपूरच्या एका खेळाडूने शर्यती सोडल्या होत्या, त्याची जुनी रेसिंगची सायकल त्यांनी रंजीतासाठी मिळवली. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी पुण्याकडे राज्याच्या संघाच्या निवडीची शर्यत होती. पाच मुली घेणार होते. त्या पाचांत यायचं, एवढं एकच त्या पोरीच्या डोक्यात होतं.

सायकल आली ती थेट हेमराजकडे. सोबत पुढचं एक जादा चाकही होतं, खड्ड्यात आदळून चेपलेलं, तारा तरी कामी येतील म्हणून दिलेलं. मी मुद्दाम बघायला गेले होते. हेमराजने पुढचं चाक काढलं, एका बोटावर तोललं आणि फिरवून पाहिलं. मग त्याने प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि मी विज्ञानाची पदवीधर तिथे स्टुलावर बसून घाम पुसत राहिले.

"बाई, हे रिम इतकी हलकी, तरी वाकत काऊन नाई?"

"आतून पोकळ असेल."

"पोकळ त हायेच. पर पोकळ डबा दाबला का चेपते. हे नाई चेपत." त्याने नखाने टिचकी मारली आणि कान लावला. "आत पडदा असंल. बांबूत कसा रायते, तसा."

रिमला तारांची भोकं सरळ एका रेषेत नव्हती, एक जरा डावीकडे, एक जरा उजवीकडे. ते मात्र त्याचं त्यालाच लगेच उमगलं. तारा हबच्या दोन्ही बाजूंना जातात, मग ज्या तारेचं भोक तिच्या बाजूला सरकवलेलं असेल ती वाकडी न होता सरळ ओढेल. हवा भरायचं भोक इतकं बारीक की आपली नेहमीची नळी शिरणारच नाही. रुंद भोक म्हणजे तेवढी रिम कच्ची, म्हणून बारीक, हेही त्यानेच सांगितलं. रिमची वरची कड आत वळवलेली होती. "हे टायरले धरून ठेवाले," तो म्हणाला, "शंभर पौंड हवा भरतेत म्हनते, टायर पळून नाई गेला पाह्यजे." मी मान डोलावत होते. एका क्षणी माझ्या लक्षात आलं की तास मी घेत नाहीये, माझाच घेतला जातोय. वर्गात मुलं एवढी गप्प बसली असती तर मी त्यांना पेढे वाटले असते.

बाकीची रिम काळी होती, पण दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीचा चकचकीत पट्टा होता, आणि त्या पट्ट्याच्या मधोमध केसासारखी बारीक रेघ, चाकभर फिरलेली. कुठे दिसत होती, कुठे जेमतेम. हेमराजने तिच्यावरून नख फिरवलं.

"चरा पडला हाय," तो म्हणाला. "ब्रेकचं रबर खाऊन टाकंल."

यात त्याची चूक कशी झाली ते सांगायला हवं, कारण ती दुसऱ्या कुणाची झाली नसती. चाळीस वर्षं त्याने हाताळली ती लोखंडी रिमची काळी सायकल. तिचा सळीचा ब्रेक दाबला की रबर रिमच्या आतल्या, हबकडच्या अंगाला खालून लागतं. बाजूला काही लागतच नाही. पुढे मुलींच्या सायकलींना बाजूने चिमटा घेणारे ब्रेक आले, पण रिम लोखंडाचीच राहिली. तिथेही रबर झिजायचं, रिम तशीच. रबर झिजतं, रिम झिजत नाही, हे त्याच्या दृष्टीने सूर्य उगवण्याइतकं पक्कं होतं. म्हणून त्याने बारीक कानस घेतली, मग घासकागद, आणि सकाळपासून दुपारपर्यंत बसून दोन्ही बाजूंचा तो चरा साफ नाहीसा केला. पट्टा आरशासारखा झाला. मी स्वतः त्याचं कौतुक केलं, ते आता आठवलं की माझाच मला राग येतो. मागच्या चाकाची रेघ ठळक होती, ते त्याने पुढच्या आठवड्यावर टाकलं.

रंजीता सायकल घेऊन गेली. तीन दिवस तिने गावाजवळच्या टेकडीच्या उतारावरून ब्रेक मारण्याचा सराव केला.

त्या तीन दिवसांत हेमराजला चैन नव्हतं. रिमच्या आत पडदा आहे की नाही, हे त्याला बघायचं होतं. चौथ्या दिवशी त्याने त्या चेपलेल्या जादा चाकाच्या तारा उतरवल्या आणि आरीने रिम आडवी कापली. मी शाळा सुटल्यावर तिकडून जात होते, तर त्याने हाक मारली. तो कधी कुणाला हाक मारत नाही.

कापलेला तुकडा त्याच्या तळहातावर होता. आत खरंच पडदा होता, खाली पोकळ खोली, वर टायर बसायची खोबणी, आणि खोबणीच्या दोन्ही बाजूंना पातळ भिंती. त्याचा तर्क शंभर टक्के खरा निघाला होता, पण चेहरा उतरलेला होता.

"इथी पाहा बाई." त्याने सुईच्या टोकाने भिंत दाखवली. या रिमवरही तीच रेघ होती, पण नवी, खोल. कापल्यामुळे ती बाजूने दिसत होती. भिंतीच्या जाडीत जवळजवळ अर्ध्यापर्यंत खाच गेलेली. "हे चरा नाई. चरा असा एकसारखा नाई पडत. हे कंपनीनं मुद्दाम कोरली हाय. ज्यानं वजन वाचवाले भिंत इतकी पातळ केली, तो तिच्यातच खाच पाडून तिले अजून कच्ची काऊन करंल?"

तो पुढे बोलत राहिला, माझ्याशी कमी, स्वतःशी जास्त. "ही अॅल्युमिनची हाय. लोखंडाची नाई. रबर हिलेच घासते. मंग हिची भिंत झिजते. झिजत झिजत खाचेच्या बुडापर्यंत आली का खाच दिसाची बंद होते." त्याने तुकडा खाली ठेवला. "खाच गेली का रिम फेका, असं सांगाले ते कोरली हाय बाई. आन म्या ते घासून काढली."

मी तिथूनच सुरज सरांना फोन लावला. ते म्हणाले, बरोबर, ती झिजेची खूण असते. भिंत एक मिलिमीटरच्या खाली गेली की आम्ही चाक फेकतो, नाहीतर टायरची हवाच भिंत बाहेर ढकलून फाडते, आणि तेही बहुतेक उतारावर, ब्रेक दाबलेला असताना. खूण आहे ना, बघून घ्या, असं ते म्हणाले. ती खूण तर घासकागदावर गेली होती.

रंजीताला मी निरोप धाडला की सायकल चालवू नकोस, हातात धरून आण. ती दुसऱ्या दिवशी घेऊन आली, कारण विचारलं नाही. तिला वाटलं, तेलपाणी करायचं असेल.

भिंत मोजायची कशी, हा पेच होता. प्रयोगशाळेतली व्हर्निअर पट्टी मी आणली. रजिस्टरवर नेणारी मीच, देणारीही मीच, दोन्ही सह्या केल्या. पण रिमची कड आत वळलेली, त्यामुळे पट्टीचा जबडा पातळ भागापर्यंत पोचेना, कडेवरच अडकायचा. मी वैतागून पट्टी खाली ठेवली. हेमराजने मात्र एका जुन्या तारेचे दोन छोटे तुकडे कापले. तार दोन मिलिमीटरची, हे त्याला झोपेतही माहीत. एक तुकडा भिंतीच्या आतून ठेवला, एक बाहेरून, आणि तिन्ही मिळून मोजायला सांगितलं. चार पूर्णांक आठ. तारांचे चार वजा केले, उरले शून्य पूर्णांक आठ. दुसऱ्या बाजूने शून्य पूर्णांक सात. मागच्या चाकाला एक पूर्णांक दोन भरलं आणि तिथे रेघ अजून होती.

"चाक आधीपासूनच झिजलेलं होतं," मी म्हणाले. "तुम्ही घासून किती घालवलं असेल? केसाएवढं. सांगा तिला की चाक जुनं होतं, निकामी निघालं. खोटं नाही ते."

मी शिक्षिका आहे आणि हे वाक्य माझं आहे, म्हणून लिहून ठेवते. हेमराजने नकारार्थी मान हलवली. "झिजलेलं होतं त खूण सांगत होती. सांगनारीले म्या गप केलं."

आणि त्याने सांगितलं. रंजीता आणि तिला न्यायला आलेले मंगरूभाऊ दोघं समोर उभे असताना, कापलेला तुकडा हातात देऊन, खाच काय असते, ती त्याने कशी घासली, सगळं. मंगरूभाऊंनी तुकडा उलटसुलट करून पाहिला.

"कूपात झाडावर सरकारी हातोड्याची खूण रायते," ते शांतपणे म्हणाले. "कोनी ते मिटवली त सिधी केस बनते."

"बनवा," हेमराज म्हणाला.

रंजीता वडिलांसारखी शांत नव्हती. तिचा आवाज चढला. "तीन दिवस मी त्या उतारावून उतरून राह्यली होती, भाऊ! तुमी बांधलेलं चाक हाय म्हनून मी डोळे झाकून ब्रेक दाबून राह्यली होती. आन आता रविवारी काय पायी जाऊ?" ती रडली नाही, पण दुकानाबाहेर जाऊन पाठ करून उभी राहिली. हेमराजच्या दुकानात कुणी मोठ्याने बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, दोघांसाठीही.

रविवारला चार दिवस उरले होते, त्यातले दोन प्रवासाचे. सुरज सरांकडे दुसरं चाक नव्हतं, नागपूरहून मागवलं तर वेळेत येणार नव्हतं. शेवटी चाक निघालं ते माझ्याच घरातून. दोन वर्षांपूर्वी वजन उतरवायच्या निश्चयाने मी गिअरची एक सायकल घेतली होती. निश्चय पंधरा दिवस टिकला, आणि तेव्हापासून तिच्यावर ओले टॉवेल वाळायचे. तिचं पुढचं चाक त्याच गोलाईचं होतं. रिम जाड, भिंत पावणेदोन मिलिमीटर, छत्तीस तारा, आणि वजन रंजीताच्या चाकापेक्षा पाऊण किलोने जास्त.

हेमराजने दिवसभर त्यावर काम केलं. माझा रुंद टायर काढून तिचा अरुंद चढवला. हवेचं भोक मोठं आणि तिची नळी बारीक, म्हणून जुन्या ट्यूबच्या रबराची चकती कापून मधली फट भरली. ब्रेकची वायर सैल करून चिमटा रुंद केला. आणि आऊट असा काढला की चाक फिरतंय की थांबलंय ते कळेना. रंजीताने चाक हातात घेऊन वजन अजमावलं आणि तिचं तोंड पडलं.

"चढावर मारंल हे मले," ती म्हणाली.

"मारंल," हेमराज म्हणाला. "पर फुटनार नाई."

ती सायकल घेऊन गेली.

रविवारी दुपारी सुरज सरांचा फोन आला. रंजीता सहावी आली होती. पाचवीच्या आणि तिच्यामध्ये चार सेकंद. मी ते हेमराजला सांगितलं तेव्हा तो एका शाळकरी सायकलची साखळी जोडत होता. त्याने साखळी पूर्ण जोडली, सायकलवाल्याला दिली आणि मग आत जाऊन बसला. बसस्टँडवर बोलणारे बोललेच: म्हातारा भ्यायला आणि पोरीचं नुकसान केलं, ते जुनं चाक एक दिवस तरी निघालं असतं. मी दोघातिघांना झापलं, पण खरं सांगायचं तर मलाही आतून तीच शंका खात होती. चार सेकंद. पाऊण किलो.

दोन दिवसांनी हेमराजने दुकानाच्या मागे ते झिजलेलं चाक खुंटाला बांधलं, भोवती धानाची पोती रचली, टायर चढवला आणि शंभर पौंड हवा भरली. मग लाकडी ठोकळ्यांनी दोन्ही बाजूंनी दाबत चाक फिरवत राहिला. अर्धा तास, तास. ठोकळे तापले. त्याने एकशे दहा पौंड भरली. मी लांबून कानांवर हात ठेवून उभी होते. काही झालं नाही. शेवटी त्याने हवा सोडली.

"नाई फुटली," तो म्हणाला.

"मग? फुटायला हवी होती का?" मी चिडून विचारलं.

"हो," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "फुटली असती त बरं वाटलं असतं."

रंजीता गुरुवारी आली, माझं चाक परत द्यायला. हेमराजने तिला बसायलाही सांगितलं नाही, आधी तेच सांगितलं. "म्या ते जुनं चाक एकशे दहा पौंडावर फिरवून पाह्यलं. नाई फुटलं. तुवा ते लावलं असतं त कदाचित पाचात आली असती. माह्यामुळं गेलं तुयं." आणि खाली मान घालून उभा राहिला. एवढं बोलायला त्याला किती जड गेलं ते मला दिसत होतं.

रंजीताने हातातलं चाक एकदा फिरवून पाहिलं.

"चढावर मी अकरावी होती, भाऊ," ती म्हणाली. "वर पोचली तवा पाय गेले होते. मंग घाटाचा उतार लागला. वळनं अशी होती का समोरच्या पोरी ब्रेक दाबायच्या आन खाली आपल्या हलक्या चाकाकडे पाह्यच्या, दाबायच्या आन पाह्यच्या. मी पाच जनीले तिथीच मागं टाकलं." तिने चाक भिंतीला टेकवलं. "मी एकदाबी खाली पाह्यलं नाई."